होंडा-पिसुर्ले पट्ट्यातली भाड्याची खोली: पाऊस आणि शिफ्ट या दोन कसोट्यांवर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या होंडा आणि पिसुर्ले इथल्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास कामगारांना भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांचे हे परीक्षण आहे. एका मालकाचे किंवा एका चाळीचे नाव इथे घेतलेले नाही, कारण चाळ बदलली तरी गुणदोष तेच राहतात. होंडा हे साखळी आणि वाळपईच्या मधले गाव, पिसुर्ले त्याच्या शेजारचे. एका बाजूला कारखान्यांच्या शेड आणि जुन्या खाणींचे मातीचे डंप, दुसऱ्या बाजूला काजूच्या बागायती, भातशेती आणि मागे सत्तरीचे रान. शहरातल्या खोलीला लावायचे नियम इथे अर्धेच लागू पडतात.

नव्याने नोकरीला लागलेला माणूस खोली बघायला येतो तो बहुधा एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा प्रत्येक खोली चांगलीच दिसते. भिंती कोरड्या, रंग ताजा, दारात काजूची सावली. तीच खोली जुलैत वेगळी असते. वाळपईचा पट्टा गोव्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे, आणि पावसाचे चार महिने म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. दुसरी कसोटी शिफ्टची. सकाळी सातला लागणारा, रात्री अकराला सुटणारा आणि रात्रभर काम करून दिवसा झोपणारा, या तिघांना एकच खोली सारखी सोयीची ठरत नाही. भाडे किती हा प्रश्न या दोन्हींनंतरचा.

मिळणाऱ्या खोल्या साधारण तीन प्रकारच्या. पहिला प्रकार वसाहतीला लागून असलेल्या पत्र्याच्या चाळी. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) किंवा सिमेंट ब्लॉकच्या भिंती, वर पत्रे, दहा बाय बाराची एक खोली, मागे मोरी, संडास एकतर सामायिक नाहीतर दोन खोल्यांत एक. दुसरा प्रकार वाड्यावरच्या राहत्या घराची बाजूची पडवी बंद करून किंवा वर एक मजला चढवून काढलेली खोली. तिसरा प्रकार साखळी, वाळपई किंवा डिचोलीतल्या इमारतीतला फ्लॅट आणि रोजचा प्रवास.

पत्र्याच्या चाळीचा मोठा गुण म्हणजे कारखाना चालत गाठता येतो. सकाळच्या शिफ्टला पावणेसातला निघाले तरी चालते. पण रात्रपाळी असणाऱ्याने ही खोली घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. रात्रपाळीवाला सकाळी आठला झोपतो. मार्च ते मे या दिवसांत दहानंतर पत्रा तापायला लागतो आणि दुपारी पंखा गरम हवाच फिरवत राहतो. तीन-चार तासांच्या वर झोप लागत नाही, आणि अपुऱ्या झोपेचा माणूस रात्री दोन-तीनच्या सुमाराला प्रेसवर किंवा कन्व्हेयरवर उभा असतो. खोलीच्या भाड्यात वाचलेले पैसे बोटाच्या अपघातापुढे काहीच नाहीत. पत्र्याखाली राहणे भागच असेल तर मालकाला पत्र्यावर हात-दीड हात उंचीवर हिरवी शेडनेट बांधायला सांगावे. नेट पत्र्याला टेकलेली असेल तर उपयोग कमी होतो, मधून वारा खेळायला हवा. खालून थर्माकोल चिकटवण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात. तो मानू नये. थर्माकोल पेट घेतो आणि खाली गॅस असतो.

पावसात पत्र्याचा दुसरा दोष उघडा पडतो. पत्रा सहसा मधून गळत नाही, गळतो तो बोल्टपाशी. बोल्टखालचा रबरी वायसर तीन-चार उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतो, आणि तिथून थेंब थेंब पाणी आत येते. हे एप्रिलमध्येही ओळखता येते. खोलीत उभे राहून वर बघा. बोल्टच्या रांगेखाली पत्र्याला किंवा लोखंडी पट्टीला तांबूस ओघळ असतील तर गेल्या पावसात तिथे गळती होती. दुरुस्तीसाठी बोल्ट काढून नवा वायसर घालणे हाच उपाय. वरून नुसते डांबर फासले तर ते एक पाऊस टिकते आणि पुढच्या उन्हात सुटते. नळ्यांचे (कौलांचे) छप्पर असेल तर शाकारणी झाली का ते विचारा, आणि माकडे छपरावर येतात का तेही विचारा. काजू आणि फणसाच्या हंगामात माकडांच्या उड्यांनी नळे सरकतात, फुटतात, आणि ते कळते थेट पहिल्या पावसात.

आता भिंती. आपल्याकडचा चिरा म्हणजे छिद्रांचा दगड. बाहेरून गिलावा नसेल तर तो पाणी पितो आणि आत सोडतो. गोव्यात पावसाचा झोत मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून खोलीची ती भिंत सर्वांत आधी बघावी. तिला बाहेरून गिलावा आहे का, वर छपराची वळचण निदान तीन फूट पुढे आहे का, हे दोन प्रश्न. वळचण आखूड असेल तर झड थेट भिंतीवर बसते आणि जुलैच्या मध्यापर्यंत आतला रंग फुगतो.

उन्हाळ्यात खोली बघताना जुलै वाचायच्या खुणा आहेत. फक्त खालचे दोन-तीन फूट नव्याने रंगवलेले असतील तर तिथे ओल चढते. दाराच्या चौकटीचा जमिनीलगतचा भाग फुगलेला किंवा काळा पडलेला असेल तर उंबऱ्यावरून पाणी आत येते. भिंतीतले खिळे गंजून त्याखाली तपकिरी रेघ उतरली असेल तर तीच गोष्ट. बाहेरच्या भिंतीवर काळे डाग दिसतात ते धुराचे नव्हेत, वाळलेल्या शेवाळ्याचे आहेत. मालक कपाट मागे ठेवून देणार असेल तर ते कपाट एकदा पुढे ओढून मागे बघायचे, त्यात संकोच करू नये.

खोली घेतल्यावर ओल कुठून येते ते कळत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आणि दुरुस्ती मालकाची. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे, म्हणजे आत वाळत घातलेल्या कपड्यांची आणि स्वयंपाकाच्या वाफेची. ती कमी करणे आपल्या हातात.

कपडे हा इथल्या राहणीतला मोठा विषय आहे, आणि भाडे ठरवताना तो कुणी काढत नाही. कारखान्याचा गणवेश जाड कापडाचा असतो. हाताने पिळलेल्या शर्ट-पँटमध्ये अर्धा लिटर पाणी सहज राहते. दोघांचे दोन जोड बंद खोलीत वाळत घातले तर ते सगळे पाणी शेवटी भिंतीत आणि गादीत जाते. म्हणून खोलीला वरून झाकलेली, बाजूने उघडी अशी पडवी हवीच. चार फूट रुंद आणि सहा-सात फूट लांब असली तरी पुरते. दोऱ्या एकावर एक न बांधता शेजारी शेजारी, वीतभर अंतर सोडून बांधाव्यात. पडवी नसेल तर तीन गणवेश लागतात. दोनांवर जुलै निघत नाही. बरेच जण ओला गणवेश तसाच चढवतात आणि मग जांघेत, काखेत नायटा होतो. तो औषधाने जातो, पण कपडे नीट वाळले नाहीत तर महिन्याभरात परत येतो.

सेफ्टी शूजचेही तसेच. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, बूट आडवे करून पंख्याखाली ठेवायचे. गॅसजवळ ठेवले तर चामडे तडकते आणि तळ्याचा डिंक सुटतो. कंपनी वर्षाला एकच जोड देते म्हणून दुसरा विकत घ्यायला माणसे कचरतात, पण आलटून पालटून वापरलेले दोन जोड एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त टिकतात.

पाण्याकडे वळू. नळाचे पाणी सत्तरीत दाबोसच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येते. म्हादई नदीला पूर आला की पाणी गढूळ होते, गाळणे अवघड जाते आणि पुरवठा कमी होतो. पावसाळ्यात चहूकडे पाणी आणि नळ कोरडा, हे नव्या माणसाला पटत नाही, पण होते तसे. म्हणून टाकीचा हिशेब करा. सहा खोल्या, प्रत्येकी दोन माणसे, माणशी रोज ७० लिटर, म्हणजे ८४० लिटर. चाळीवर १,००० लिटरची एकच टाकी असेल तर ती एका दिवसाची झाली. नळ दोन दिवस आला नाही तरी चालावे असे वाटत असेल तर १,७०० लिटर साठा हवा. मालक म्हणतो टाकी आहे. किती खोल्यांना मिळून आहे, हा पुढचा प्रश्न आपण विचारायचा.

विहीर असेल तर उत्तमच, पण या भागातल्या माती-दगडात लोह भरपूर, ते पाण्यातही उतरते. बादलीभर पाणी रात्रभर ठेवा. सकाळी तळाला तांबूस साका दिसला तर लोह आहे. त्या पाण्याचा चहा काळपट होतो, भाताला छटा येते, पांढरे कपडे पिवळे पडतात. इथे नेहमीची चूक अशी होते की पिवळे डाग घालवायला लोक ब्लीच वापरतात. ब्लीचने लोहाचा डाग जातच नाही, उलट पक्का बसतो. त्याला आंबट लागते. वाड्यावर बहुतेक परसात बिंबलीचे झाड असते. पाच-सहा बिंबल्या ठेचून डागावर चोळायच्या, अर्धा तास ठेवून धुवायचे. लिंबानेही जातो, पण बिंबली जास्त जोरकस आहे, म्हणून रंगीत कपड्यावर आधी कोपऱ्यात लावून बघावी. विहिरीपासून संडासाचा शोषखड्डा कमीत कमी १५ मीटर लांब हवा. अंतर पावलांनी मोजता येते, मोठी वीस-बावीस पावले. त्याहून जवळ असेल तर पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. खड्डा सखल जागी असेल तर जुलैत तो भरून संडासाचे पाणी परत वर येते. हे बघायला जाताना संडासाच्या भांड्यापाशी नाही, मागच्या खड्ड्यापाशी जावे.

विजेचे बिल बहुतेक ठिकाणी मालकाच्या मीटरवर असते आणि खोलीला सबमीटर. पहिल्याच दिवशी मालकासमोर रीडिंगचा फोटो काढावा. सबमीटर खरा चालतो की पळतो ते तपासता येते. त्यावर एका युनिटला किती पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकतो, हे छापलेले असते, बऱ्याचदा ३,२००. आधी खोलीतले सगळे बंद करा. लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर दुसऱ्या कुणाची लाइन तुमच्या मीटरवर आहे. मग १,००० वॉटची इस्त्री लावा. ती तापत असताना मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. साठ-पासष्ट वेळा लुकलुकला तर मीटर जास्त मोजतो आहे. इस्त्री तापली की आपोआप बंद-चालू होते, म्हणून मोजणी सुरुवातीच्या मिनिटातच करायची.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शॉक. ओल्या चिऱ्याच्या भिंतीत टाकलेली जुनी वायर, मोरीत लावलेला गिझर किंवा बादलीत सोडलेला हीटर, आणि नावापुरते अर्थिंग, हे एकत्र आले की जीव जातो. चाळीच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला हवा. त्यावर टी लिहिलेले बटण असते. ते दाबले की वीज लगेच तुटली पाहिजे. तुटली नाही तर तो बिघडलेला आहे. बोर्डावर फक्त एमसीबी असतील तर त्याने वायर वाचते, माणूस वाचेलच असे नाही. मालक बसवत नसेल तर खोलीतल्या सगळ्यांनी मिळून खर्च करावा, पण त्याशिवाय पावसाळा काढू नये. इतक्या स्पष्टपणे आम्ही दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल सांगणार नाही.

गॅससाठी कायमचा पत्ता नसला तरी अडत नाही. ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा तो किलोमागे महाग पडतो. उकडे तांदूळ अर्धा तास आधी भिजवून ठेवले तर गॅस बराच वाचतो. पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यांनी रात्रीच तांदूळ भिजत घालून पहाटे पेज करावी. थर्मासमध्ये भरून नेलेली पेज, त्यात मिठाची चिमूट, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा, एवढ्यावर दहापर्यंत भूक लागत नाही. पोदेर (पाववाला) वाड्यावर पों पों करत येतो तोवर पहिली शिफ्ट निघून गेलेली असते, म्हणून पाव हवा असेल तर शेजारच्या घरी पिशवी आणि सुटे पैसे ठेवायची सोय करावी. जूनच्या १ तारखेपासून जुलैच्या ३१ पर्यंत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजे मासे कमी आणि महाग. बाजार सोमवारी साखळीला, मंगळवारी वाळपईला आणि बुधवारी डिचोलीला. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी येते त्यावर कोणता बाजार आपला ते ठरते, आणि पावसाळ्यासाठीचे सुके मासे मेमध्येच घेऊन हवाबंद डब्यात भरावेत. कागदाच्या पुडीत ठेवले तर आठवड्यात बुरशी धरते आणि खोलीभर वास.

वाड्यावरची खोली आम्हाला तिन्हींत सर्वांत चांगली वाटते. छप्पर नळ्यांचे किंवा स्लॅबचे असते, विहीर असते, आजारपणात विचारणारे कुणी असते. पण काही गोष्टी आधी बोलून घ्याव्या लागतात. रात्री अकराला सुटणारा माणूस साडेअकराला फाटकात येणार. फाटक उघडे राहील का, कुत्रा मोकळा असतो का, दुचाकी कुठे लावायची? घरमालकीण बाईंना आधीच सांगितले की त्या अडवत नाहीत. न सांगता चार दिवस फाटक वाजवले की तक्रार होते. चतुर्थीला मालकाचे मुंबई-पुण्याचे नातेवाईक आले की त्यांना खोली लागते का, तेही विचारावे. काही ठिकाणी पाच-सहा दिवस खोली रिकामी करून द्यायची अट तोंडी असते आणि ती ऑगस्टमध्ये कळते.

हवेबद्दलही बघावे. भट्टी असलेल्या कारखान्याजवळची खोली दुपारी बघितली तर धूर वर जाताना दिसतो आणि त्रास वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगत थंड हवा साचते, तिच्यावर ऊबदार हवेचे झाकण बसते आणि धूर खालीच पसरतो. धुके आणि धूर एकत्र होऊन आठ-नऊपर्यंत हलत नाही. खिडकीच्या गजावरून ओला पांढरा रुमाल फिरवा. रुमालावर काळी चिकट राख आली तर ती भट्टीची, तांबडी पूड आली तर रस्त्याची आणि डंपची. तांबडी धूळ पावसात बसते. काळी वर्षभर असते, आणि दमा असलेल्याने किंवा लहान मूल असलेल्याने त्या खोलीचा विचार सोडावा.

रान जवळ असणे ही इथली श्रीमंती आहे. कामावरून सुटून दहा मिनिटांत माणूस हिरव्यात असतो, सकाळी मोर ओरडतात, पहिल्या पावसात बेडकांच्या आवाजाने रात्र भरून जाते. शहरातल्या खोलीत पैसे मोजूनही हे मिळत नाही. पण त्याचे नियम पाळावे लागतात. दाराशी चिऱ्यांचा, विटांचा किंवा लाकडांचा ढीग असेल तर तो हलवून घ्यावा, त्यात फुरसे बसते. जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्यांना मण्यारीचा धोका जास्त. ती रात्री घरात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. मच्छरदाणी लावून तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचली तर डास आणि साप दोन्ही बाहेर राहतात. बूट घालण्याआधी उलटे आपटायचे. दंश झालाच तर करकचून बांधू नये, कापू नये. हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करून इस्पितळात न्यायचे. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली आणि दंशाची खूण सापडली नाही तरी मण्यारीची शंका घेऊन निघायचे.

सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्याने होतो, हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. सुटीच्या दिवशी काजूचे बोंडू वेचायला किंवा सरपणाला रानात जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँट मोज्यांत खोचावी, पाचोळ्यावर बसू नये, परत येऊन गरम पाण्याने आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. मेलेले माकड दिसले तर त्याच्याजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. आणि ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. कारखान्याच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून गोळ्या मिळतात, आणि तेवढ्यात दिवस जातात.

इथे ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, एक काम उरकून घ्यावे. पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल तर त्यातून ०.७५ टक्के कापले जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. ई-पहचान कार्डावर दवाखाना गावाकडचा पडला असेल तर तो खोलीजवळचा करून घ्यायला कंपनीच्या ऑफिसला सांगा. आजारी पडल्यावर हे करायला वेळ नसतो.

तिसरा प्रकार, फ्लॅट, कुटुंबासाठी योग्य. शाळा, बाजार, डॉक्टर जवळ. खर्च मात्र भाड्याच्या पुढे मोजावा. कारखाना ८ किलोमीटरवर असेल तर महिन्याच्या २६ दिवसांचे ४१६ किलोमीटर झाले. स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर सव्वानऊ लिटर पेट्रोल, शिवाय पावसाळ्यात ब्रेकलायनर आणि टायर लवकर जातात. बसने जायचे तर पहिल्या शिफ्टला अडचण नसते, पण अकराला सुटल्यावर सार्वजनिक बस मिळेल असे धरून चालू नये. कंपनीची गाडी तिसऱ्या शिफ्टलाही आहे का आणि ती नेमकी कुठपर्यंत सोडते, हे नेमणूकपत्र घेतानाच विचारावे. तिठ्यावर सोडते म्हटले तर तिठ्यापासून घरापर्यंतचा रस्ता रात्री एकदा चालून बघावा.

दुचाकीने रात्री येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पावसात गुरे रस्त्यावर येऊन बसतात, कारण डांबर शेतापेक्षा कोरडे असते. काळी म्हैस हेडलाइटमध्ये शेवटच्या वीस-पंचवीस फुटांत दिसते, म्हणून वेग अगदी कमी ठेवावा. आणि रानाकडच्या रस्त्यावर गवेरेडे आडवे येतात. एक दिसला म्हणजे मागे आणखी असतात. थांबा, दिवा डिपरवर घ्या, हॉर्न देऊ नका, कळप जाऊ द्या.

कागदपत्रांत भाडेकरू पडताळणीचा पोलिसांचा अर्ज भरून घेणे मालकाचे काम आहे. मालक टाळत असेल तर आपण मागे लागावे. आधारची प्रत, फोटो आणि कंपनीचे ओळखपत्र एवढे लागते. करार बहुधा ११ महिन्यांचा होतो. त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: विजेचा युनिटचा दर, पाणी भाड्यात धरले आहे की वेगळे, आणि छपराची दुरुस्ती मेअखेर कोण करणार. घराला पंचायतीचा घर क्रमांक आहे का तेही पाहावे. तो नसेल तर वीज-पाण्याची जोडणी बहुधा दुसऱ्याच घरातून ओढलेली असते आणि एखाद्या दिवशी तुटते.

अनामत परत घेताना भांडण होते ते भिंतीच्या बुरशीवरून. भाडेकरूने कपडे आत वाळवले म्हणून रंग गेला, असे मालक म्हणतो. म्हणून खोली घेताना चारही भिंतींचे, खालच्या दोन फुटांचे जवळून फोटो काढून मालकालाच पाठवून ठेवावेत, आणि जुलैत प्लॅस्टिकची चाचणी केली तर तिचाही फोटो त्याच दिवशी पाठवावा. थेंब भिंतीच्या बाजूला असतील तर रंगाचे पैसे अनामतीतून कापून द्यायचे कारण नाही.